नहपानाच्या नाकावरचा डोंगर

२०१५ च्या जुलै महिन्यात मी आजीसोबत अमळनेरहून जळगावला गेलो होतो. पॅसेंजरमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली होती, तरी आजी बाहेर बघत नव्हती. तिचा एक हात पूर्ण वेळ मांडीवरच्या कापडी बटव्यावर होता. बटव्यात पुतळीची माळ होती. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी घातलेली. त्या वर्षी कापसाने दगा दिला होता आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायची होती.

सराफ बाजारातल्या एका जुन्या दुकानात सोनाराने माळ हातात घेतली, रेशमाचा गोफ कापला, पुतळ्या काट्यावर ओतल्या, एक दगडावर घासून कस पाहिला. आजीने विचारलं, एवढं बारीक काम आहे, त्याचं काही मिळेल का? तो हसला नाही, हे मला अजून आठवतं. म्हणाला, ‘‘माय, पैसे सोन्याचे मिळतात. चित्राचे नाही मिळत.’’

मग त्याने पुतळ्या मुशीत टाकायला घेतल्या. आजी म्हणाली, ‘‘एक ऱ्हाऊ दे रे भाऊ.’’ त्याने एक उचलून परत दिली आणि वजनातून वजा केली. बाकीच्या दहा-बारा मिनिटांत वितळून एक पिवळा गोळा झाल्या. मी तो गोळा पाहिला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

लहान असताना मी त्या माळेकडे बोट दाखवून आजीला विचारायचो, ‘‘हाऊ कोन शे?’’ प्रत्येक पुतळीवर एक उभी आकृती होती आणि तिच्यासमोर दुसरी, जरा बुटकी. आजीचं उत्तर ठरलेलं: ‘‘माले काय माहीत! कोनी देव व्हई.’’

हा ‘कोणी देव’ कोण, ते मला कळायला इंजिनिअर व्हावं लागलं. पुण्यात नोकरी लागल्यावर एका रात्री, बिल्ड चालू असताना, मी वाचलेल्या त्या एका पुतळीचा फोटो काढला आणि शोधत बसलो. मराठी मुलखात ‘पुतळी’ हे नाव आधी एका परदेशी नाण्याचं होतं: व्हेनिसचं डुकाट. १२८४ साली व्हेनिसने ते पाडायला सुरुवात केली आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळपास त्याच चित्रासह, साडेतीन ग्रॅम वजनाचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं ठेवलं. त्यावर संत मार्क उभा आहे आणि व्हेनिसचा राज्यप्रमुख, ज्याला डोजे म्हणतात, तो गुडघे टेकून त्याच्या हातून ध्वज घेतो आहे. नाणं व्यापारातून इथे आलं, लोकांनी त्याचं सोनं ओळखलं, आमच्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या, नकलांच्या नकला केल्या. त्या प्रवासात संताची काठी झाली आणि डोजेची बाहुली.

म्हणजे आजीच्या गळ्यात पन्नास वर्षं व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून बसला होता, आणि आमच्या घरात हे कोणालाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. राजा आपला चेहरा नाण्यावर छापतो, तो लोकांना काहीतरी सांगायला. मग ते नाणं हजारो मैलांवर, दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या देवांच्या लोकांच्या हातात गेलं, की त्या चेहऱ्याचं काय होतं? या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच मुलखात सापडलेलं आहे. पण तिथे जाण्याआधी रोमला जावं लागतं.

खिशातला सम्राट

रोमन साम्राज्यात सोन्याची नाणी श्रीमंतांच्या पेटीत असायची, चांदीची सैनिकांच्या पगारात. पण पाव, दारू, सार्वजनिक स्नानगृह हे सगळं चालायचं तांब्या-पितळेच्या नाण्यांवर. तांब्याचं छोटं ‘अस’, तशी चार मिळून पितळेचं मोठं ‘सेस्टर्शियस’, चार सेस्टर्शियसचा एक चांदीचा दिनार, आणि पंचवीस दिनारांचं एक सोन्याचं नाणं. आपल्या भाषेत ‘दिनार’ हा शब्द आला तो तिथूनच.

बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं, आणि सम्राट तर आयुष्यात एकदाही दिसायचा नाही. पण त्याचं डोकं रोज हातात यायचं. सेस्टर्शियस चांगलं मोठं असायचं, त्यामुळे मागच्या बाजूला चित्रासाठी भरपूर जागा. नीरोने त्या जागेवर जानस देवाच्या मंदिराची बंद दारं कोरली. ती दारं युद्ध नसतानाच बंद होत. म्हणजे संदेश असा की माझ्या राज्यात शांतता आहे. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर व्हेस्पाशियनने खजुराच्या झाडाखाली बसून रडणारी बाई कोरली. ती बाई म्हणजे जिंकलेला ज्यूंचा देश. टायटसने इ. स. ८० मध्ये उद्घाटन केलेलं कलोसियम कोरलं, आत बसलेल्या गर्दीच्या ठिपक्यांसह. आजच्या भाषेत सांगायचं तर हे प्रत्येकाच्या खिशात आपोआप येणारं नोटिफिकेशन होतं, आणि ते म्यूट करायची सोय नव्हती.

म्हणूनच सम्राट नकोसा झाला की त्याच्या नाण्यांचा प्रश्न यायचा. इ. स. ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला. दोन वर्षांनी सिनेटने त्याचा चेहरा असलेली ब्राँझची नाणी वितळवायचा ठराव केला, असं कॅशियस डिओ हा इतिहासकार लिहितो. नीरोविरुद्ध इ. स. ६८ मध्ये बंड झालं तेव्हा त्याच्या काही पितळी-तांब्याच्या नाण्यांवर ‘एसपीक्यूआर’ ही चार अक्षरं ठोकली गेली, म्हणजे ‘सिनेट आणि रोमची जनता’. चेहरा तसाच, त्यावर अक्षरांचा घाव.

म्हणजे रोममध्ये नको असलेल्या चेहऱ्यासाठी दोन उपाय होते. वितळवा, नाहीतर वरून ठोका. हे दोन उपाय लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहेत.

भडोचच्या धक्क्यावर

ही नाणी आपल्याकडे कशी येत होती, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. त्याच्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची ती मार्गदर्शिका आहे. त्यात भडोचचं नाव ‘बॅरिगाझा’. तिथे काय खपतं, याची त्याने यादी दिली आहे: दारू, त्यातही इटलीची जास्त, तांबं, कथील, शिसं, पोवळी, आणि सोन्या-चांदीची रोमन नाणी, जी स्थानिक चलनात बदलली की नफा होतो.

यादी नीट वाचली की एक गंमत कळते. तांबं यायचं ते धातू म्हणून. नाणं म्हणून किंमत होती सोन्याला आणि चांदीला. रोमच्या गल्लीत पाव विकत घेणारं ‘अस’ भडोचला आणून काहीच फायदा नव्हता, कारण त्याची किंमत रोमच्या हुकमावर चालायची आणि रोमचा हुकूम इथे चालत नव्हता. रोमन ब्राँझची छोटी नाणी भारतात मोठ्या संख्येने सापडतात ती बरीच नंतरची, चौथ्या-पाचव्या शतकातली, आणि ती मुख्यतः तमिळनाडूत, तशीच श्रीलंकेतही. आमच्या सोनाराचं वाक्य भडोचच्या धक्क्यावर दोन हजार वर्षांपूर्वीही खरं होतं: पैसे धातूचे, चित्राचे नाही.

पण चित्र अगदीच वाया जात नव्हतं. तेरला, म्हणजे पेरिप्लसमधल्या ‘तगर’ला, आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, दागिना म्हणून घालायच्या. कुणालातरी सम्राट टायबेरियसचं डोकं गळ्यात छान दिसत होतं. तो कोण, हे त्यांनीही बहुधा विचारलं नसेल. आजीची माळ ही एका फार जुन्या सवयीची शेवटची कडी होती.

पेरिप्लस म्हणतो, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. तिथला माल बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. आता मोबाइलवर नकाशा उघडा आणि भडोच ते पैठण अशी रेघ ओढा. ती कुठून जाते? खानदेशातून. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, जिथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठावरचं बहाळ, जिथे १९५० च्या दशकात म. ना. देशपांडे यांनी उत्खनन केलं. या गावांच्या पांढरीत ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर आहेत. चाळीसगावहून दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात शिरलं की पितळखोऱ्याची लेणी लागतात. तिथल्या एका खांबावर पैठणच्या मित्रदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घराण्याचं दान कोरलेलं आहे. तिथेच सापडलेल्या एका हसऱ्या यक्षाच्या हातावर त्याच्या कारागिराचं नाव आहे: कृष्णदास, धंद्याने सोनार. सुवर्णनगरी म्हणून मिरवणाऱ्या जळगावच्या लोकांनी हा यक्ष एकदा तरी बघायला हवा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

नहपानाचा चेहरा

पेरिप्लस लिहिला गेला तेव्हा भडोच ज्याच्या ताब्यात होतं, त्याला तो ‘मँबॅनॉस’ म्हणतो. अभ्यासकांच्या मते हा क्षहरात घराण्याचा शक क्षत्रप नहपान. त्याची सत्ता गुजरातपासून नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंत पसरली होती. पैठणचे सातवाहन त्याचे शत्रू. ही लढाई फक्त घोडे आणि तलवारींची नव्हती. पेरिप्लस सांगतो की कल्याण बंदरात चुकून एखादं ग्रीक जहाज लागलं, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जायचं. बंदर कोणाचं, म्हणजे चांदी कोणाची, असा तो झगडा होता. दख्खनमध्ये चांदीच्या खाणी नाहीत. चांदी समुद्रावरून यायची.

त्या चांदीची नहपानाने नाणी पाडली. अंगठ्याच्या नखाएवढी, साधारण दोन ग्रॅमची. एका बाजूला उजवीकडे बघणारा राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठीत एकच मजकूर: क्षहरात राजा नहपानाचं नाणं. गंमत अशी की ग्रीक अक्षरांतही भाषा ग्रीक नाही. तोच प्राकृत मजकूर ग्रीक लिपीत लिहिलाय. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन लिपीत मराठी लिहितो, अगदी तसं.

हा चेहरा छापायची पद्धत त्याने आणली कुठून? भडोचच्या बाजारात त्या काळीही मिनँडर आणि अपोलोडोटस या भारतातल्या ग्रीक राजांची जुनी नाणी चालत होती, असं पेरिप्लसच सांगतो. आणि बंदरात रोमन दिनार उतरत होते. नहपानाच्या डोक्याच्या घडणीत या दोन्हींची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की त्याने रोमचा संदेश घेतला नाही, रोमचा साचा घेतला. टेम्पलेट तेच, नाव आपलं.

जोगलटेंभी, १९०६

१९०६ मध्ये नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या मिशनऱ्याने त्यांचा अभ्यास केला आणि १९०८ च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. सगळी नाणी नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर वरून दुसरा ठसा मारलेला होता.

एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नदीसारखी नागमोडी रेघ, आणि भोवती ब्राह्मीत नाव: राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी. दुसऱ्या बाजूला चार गोलांचं ‘उज्जैन चिन्ह’. पैठणच्या राजाने नहपानाला हरवलं होतं, आणि विजयाची बातमी त्याने नहपानाच्याच नाण्यांवर छापली होती.

मी यांतल्या काही नाण्यांचे फोटो मोबाइलवर झूम करून बघतो तेव्हा थांबता येत नाही. ठसा हाताने मारलेला, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात. त्यामुळे कुठे डोंगराच्या कमानीखालून नाक बाहेर आलंय, कुठे राजाच्या हनुवटीतून नदी वाहतेय, कुठे कडेला दोन-तीन ग्रीक अक्षरं तग धरून आहेत. एका नाण्यावर दोन राजे, आणि दोघेही अर्धवट.

रोमचे ते दोन उपाय आठवा: वितळवा, नाहीतर वरून ठोका. कॅलिग्युलाची नाणी वितळवायचा ठराव झाला. गौतमीपुत्राने ठोकायचा उपाय निवडला, आणि तो हजारो नाण्यांवर वापरला. का?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. वितळवायला भट्टी लागते, लाकूड-कोळसा लागतो, दर घाण्याला थोडी घट येते, मग पुन्हा चकत्या पाडायच्या, वजन जुळवायचं, आणि मग ठसा मारायचा. ठोकायला लागते एक ऐरण, एक हातोडा, दोन ठसे. नाणं आधीच योग्य वजनाचं आहे. एक घाव, आणि नहपानाचं नाणं सातवाहनांचं होतं. पण सोय हे पूर्ण उत्तर नाही. उरलेलं उत्तर नाशिकला, डोंगरात, भिंतीवर लिहिलेलं आहे.

व्याजाचं गणित

नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहावं लेणं नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, कोरवलं. तिथे त्याने आपली दानं लिहून ठेवली आहेत, आणि त्यांतलं एक दान म्हणजे चक्क मुदत ठेव आहे. तीन हजार कार्षापण त्याने गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यांसाठी.

आकडेमोड करून पाहा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशोब पै-पैचा जुळतो. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि रीतसर नोंदवला, असंही तिथे लिहिलं आहे. त्याच लेण्यात विनिमयाचा दरसुद्धा आहे: सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस.

आता स्वतःला त्या विणकराच्या जागी ठेवा. नहपान हरला. ज्याने पैसे दिले त्याचं सासर बुडालं. तुमच्याकडे त्याची चांदी आहे, दरवर्षी व्याज द्यायचं आहे, बाजारात सूत याच नाण्यांत विकत घ्यायचं आहे. नव्या राजाने जाहीर केलं की जुना चेहरा आजपासून बाद, तर तुमचं काय?

आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपल्या पिढीने पाहिली आहे. मी तेव्हा होस्टेलवर होतो. पाचशेच्या दोन नोटा आणि मेसचं बिल, एवढंच माझं संकट होतं. पण माझे वडील कापूस विकून आले होते आणि त्यांच्या हातात सगळ्या जुन्या नोटा होत्या. कागदाच्या नोटेत चित्र हेच सगळं असतं. चित्र बाद झालं की हातात कागद उरतो. चांदीचं तसं नाही. चित्र बाद झालं तरी चांदी उरते.

जोगलटेंभीच्या साठ्यात गौतमीपुत्राचा ठसा न मारलेली जवळपास चार हजार नाणीही होती. ठसा मारलेल्या नाण्यांच्या सोबतच, एकाच साठ्यात. ज्याने कोणी ती जमवली, त्याने वेगळी काढली नाहीत. यावरून मी असं समजतो की जुना चेहरा एका रात्रीत बाद झाला नव्हता. नवा ठसा म्हणजे ‘हे नाणं आता माझ्या हमीवर चालेल’ असा शिक्का होता. ‘बाकीची फेकून द्या’ असा हुकूम नव्हता.

शेतीतही त्याने तेच केलं. त्याच नाशिकच्या डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा आदेश आहे. आजपर्यंत उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्याने तिथल्या भिक्षूंना दिलं. मालक बदलला, शेत तेच. नाणं तेच, नाव बदललं. सर्व्हर बंद न करता सिस्टिम बदलायची असते, हे आम्हाला कामावर पहिल्या वर्षी शिकवतात. ज्याच्यावर लोकांचा रोजचा व्यवहार चालू आहे, ते एकदम पुसता येत नाही.

भिंत आणि नाणं

त्याच लेण्यात, काही वर्षांनी, गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपल्या मुलाचं कौतुक कोरवलं. नातू पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. मुलगा गेलेला आहे आणि आई लिहिते आहे. त्यात ती सांगते की शक, यवन, पल्हव यांचा त्याने नाश केला, आणि क्षहरातांच्या वंशाचा काहीही अवशेष ठेवला नाही.

काहीही अवशेष नाही. हे भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि गोदावरीच्या त्याच खोऱ्यात हजारो नाण्यांवर नहपानाचं नाक डोंगराखालून बाहेर डोकावत होतं. मला आई खोटं बोलली असं म्हणायचं नाही. भिंत आणि नाणं यांचं काम वेगळं आहे. भिंतीवर आपल्याला काय हवं होतं ते लिहिता येतं. नाण्यावर काय शक्य होतं तेवढंच लिहिता येतं.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. सातवाहनांच्या आधीच्या नाण्यांवर चेहरा नसायचा. हत्ती, घोडा, सिंह, डोंगर, उज्जैन चिन्ह; धातू शिसं, तांबं, मिश्रधातू. पण नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगर ठोकणाऱ्या याच घराण्याने पुढे चांदीची नाणी पाडली, आणि त्यांवर राजाचा चेहरा होता. पुळुमावीचा चेहरा, यज्ञ सातकर्णीचा चेहरा, उजवीकडे बघणारा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा त्यात यज्ञ सातकर्णीचं असंच एक चांदीचं नाणं मिळालं.

ज्याला हरवलं त्याचं नाव पुसलं, पण त्याची पद्धत उचलली. रोमच्या सम्राटापासून भडोचच्या क्षत्रपाकडे, तिथून पैठणच्या राजाकडे: प्रत्येकाने आधीच्याचं नाव काढलं आणि साचा ठेवला. लोकांना तोवर चेहऱ्याच्या चांदीची सवय झाली असणार. हत्तीवाल्या चांदीवर कोणी विश्वास ठेवला असता की नाही, कोण जाणे. राजांनी तरी ती जोखीम घेतली नाही.

एक पुतळी

मला आधी वाटायचं की त्या दिवशी जळगावात आमच्या घरातलं काहीतरी कायमचं गेलं. वितळलेल्या पुतळ्या परत येणार नाहीत, ते खरंच आहे. गावात अजूनही कोणाच्या शेतात जुनं नाणं निघालं की पहिला विचार सोनाराचा येतो, कलेक्टर कचेरीचा नाही. खरं तर १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कळवणं बंधनकारक आहे. जोगलटेंभीचा साठा कोणी मुशीत टाकला असता तर चांदी मिळाली असती काही किलो, आणि गौतमीपुत्राने नहपानाचं काय केलं हे आपल्याला फक्त त्याच्या आईकडून कळलं असतं. एवढा एकच मुद्दा जरी हा लेख वाचून लक्षात राहिला तरी पुरे: जुनं नाणं सापडलं तर ते घासू नका, मोडू नका.

पण आजीला मी दोष देऊ शकत नाही. माझ्या पगाराची पहिली चकती त्या गोळ्यातून पडली आहे. आणि तिनेही, विचार केला तर, पूर्ण वितळवलं नाही. एक ठेवली.

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती पुतळी ताटात होती, हळदी-कुंकू लावलेली, शेजारी एक राणीछाप रुपया आणि माझं कंपनीचं ओळखपत्र. ते आईने हौसेने ठेवलेलं. चुलतभावाची मुलगी, सहा वर्षांची, ताटावर वाकली. पुतळीवर बोट ठेवून तिने विचारलं, ‘‘आजी, हाऊ कोन शे?’’

मी तोंड उघडलं. संत मार्क, डोजे, व्हेनिस, सगळं जिभेवर होतं.

आजी माझ्या आधी बोलली. ‘‘माले काय माहीत!’’ मग पुतळी उचलून तिने पोरीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘हाई तुना काकानी फी शे.’’